अवेळी अंगावर जाणे, अंगावर काढू नका

बाजाराचा दिवस होता. दवाखान्यात गर्दी होती. एक सूनबाई आपल्या साठीच्या सासूबाईंना घेऊन आल्या. काय होते म्हणून विचारले, तर "अशक्तपणा आहे, चक्कर येते, जेवण जात नाही" एवढेच सांगितले. रक्त तपासले. हिमोग्लोबीन साडेसहा निघाले. सूनबाई औषधे आणायला बाहेर गेल्या, तेव्हा आजीबाईंनी दाराकडे पाहिले आणि हळूच म्हणाल्या, "बाई, एक सांगू का? माझी पाळी परत सुरू झालीय. आठ महिने झाले. या वयात कुणाला सांगायचं?"

तपासणी केली. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग होता आणि तो बराच पसरलेला होता. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. किरणोपचारासाठी मोठ्या गावी पाठवावे लागले.

त्याच आठवड्यात एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. वय पंचावन्न. पाळी जाऊन चार वर्षे झालेली. एके दिवशी कपड्यावर रक्ताचा एक डाग दिसला आणि त्या चौथ्या दिवशी दवाखान्यात हजर झाल्या. सगळ्या तपासण्या झाल्या. काहीही गंभीर निघाले नाही. वयोमानाने योनिमार्गाची त्वचा कोरडी आणि नाजूक झाली होती, तिथून थोडे रक्त आले होते. लावायला मलम दिले. काम झाले.

दोघींचे लक्षण एकच होते. आजार वेगवेगळे होते, आणि कोणाला कोणता आहे हे बाहेरून ओळखता येत नव्हते. ते तपासल्यावरच कळले. म्हणून आजच्या लेखात आपण हा विषय सविस्तर पाहू. विषय संकोचाचा आहे हे खरे, पण संकोचापायी आपल्याकडे बायका दुखणे किती अंगावर काढतात हे आम्ही डॉक्टर रोज पाहतो. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाची काही ना काही तक्रार आढळली, आणि त्यापूर्वी त्यासाठी तपासणी करून घेतलेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. त्यानंतर गावोगाव दवाखाने झाले, सोनोग्राफी आली. संकोच मात्र पुरता गेलेला नाही.

नेहमीचे कोणते आणि अवेळीचे कोणते?

आधी निरोगी पाळी कशी असते ते समजून घेऊ. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत २४ ते ३८ दिवसांचे अंतर असले तर ते ठीक समजावे. महिना म्हणजे तीसच दिवस असे काही नाही. रक्तस्राव दोन दिवसांपासून आठ दिवसांपर्यंत चालू शकतो. एका पाळीत एकूण जाणारे रक्त साधारणपणे ८० मिलिलिटरपेक्षा कमी असते, म्हणजे चहाच्या एका छोट्या कपाहूनही कमी. अर्थात कोणी रक्त मोजत बसत नाही. पण दर तासा-दोन तासांनी कापड बदलावे लागत असेल, रात्री उठून बदलावे लागत असेल, मोठ्या गाठी पडत असतील किंवा पाळीमुळे शेतावर, कामावर, शाळेत जाणे बंद होत असेल, तर ती पाळी जास्त आहे असे समजावे. "आमच्या घरात सगळ्यांनाच असं जातं" हे त्याचे उत्तर नव्हे.

अवेळी म्हणजे चार प्रकार. एक, दोन पाळ्यांच्या मध्येच डाग लागणे किंवा रक्त जाणे. दोन, पतीपत्नीच्या संबंधानंतर रक्त दिसणे. तीन, गरोदरपणात कोणत्याही महिन्यात रक्त जाणे. चार, पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसणे. वयाच्या पंचेचाळीस-पन्नाशीच्या आसपास सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असे मानतात. त्यानंतर दिसलेला एक थेंबही अवेळीच.

वय पाहून कारण शोधावे लागते

लहान मुली : पाळी सुरू होण्याच्या वयाआधी, म्हणजे आठ वर्षांच्या आतल्या मुलीला रक्त दिसले तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. कधी जखम असते, कधी जंतुसंसर्ग, कधी खेळताना आत गेलेली एखादी वस्तू. कधी कोणी मुलीशी गैरवर्तन केलेले असते. मुलीला रागावू नये, तिचे ऐकून घ्यावे.

वयात आलेल्या मुली : पहिली दोन-तीन वर्षे पाळी अनियमित असणे स्वाभाविक आहे. दर महिन्याला बीजकोशातून बीज बाहेर पडण्याची घडी अजून बसलेली नसते. बीज सुटले नाही की गर्भाशयाचे आतले अस्तर वाढत राहते आणि मग केव्हातरी एकदम आणि जास्त दिवस जाते. बहुतेक मुलींचे हे आपोआप सुरळीत होते. पण पहिल्याच पाळीपासून फार रक्त जात असेल, शिवाय हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येत असेल, थोडे लागले की काळेनिळे पडत असेल, तर रक्त गोठण्याच्या क्रियेत दोष असू शकतो. त्याची रक्ततपासणी होते आणि त्यावर औषधही आहे. अशा मुलीला "उष्णता झाली" म्हणून नुसते धने-जिऱ्याचे पाणी देत बसू नये.

वीस ते चाळीस : या वयात अवेळी रक्त गेले तर पहिला प्रश्न एकच, दिवस तर गेले नाहीत ना? पाळी आठ-दहा दिवस चुकून मग थोडे थोडे जाऊ लागले, तर ती उशिरा आलेली पाळी आहे असे धरून चालू नये. लघवीची साधी तपासणी करावी. मूल न होण्याची शस्त्रक्रिया झाली असली तरीही करावी, कारण ती क्वचित अयशस्वी होते आणि तेव्हा गर्भ नको त्या जागी, नळीत, राहण्याचा संभव अधिक असतो.

दिवस गेलेले नसतील तर इतर कारणे पाहावी लागतात. संततिनियमनाच्या गोळ्या घेताना एखादी विसरली की मध्येच डाग लागतो. तांबी बसवल्यावर पहिले तीन ते सहा महिने पाळी जास्त जाऊ शकते. तीन महिन्यांच्या इंजेक्शनाने सुरुवातीला पाळीचे वेळापत्रक बिघडते. तातडीची गर्भनिरोधक गोळी घेतल्यावरही अवेळी रक्त दिसू शकते. ती गोळी प्रसंगापुरती आहे, दर महिन्याला घेण्याची नव्हे. गर्भाशयाच्या तोंडाला किंवा आत जंतुसंसर्ग झाला असेल तर ओटीपोटात दुखते, पांढरे जाते, ताप येतो आणि संबंधानंतर रक्त दिसते. गर्भाशयात मांसल गाठी असतात, त्यांना फायब्रॉइड म्हणतात. त्या बहुतेक वेळा कर्करोगाच्या नसतात, पण गर्भाशयाच्या पोकळीकडे वाढल्या तर फार रक्त जाते. देठाला लोंबणारी छोटी मांसवाढ, म्हणजे पॉलिप, हेही एक सामान्य कारण आहे. थायरॉइड ग्रंथीचा बिघाड, वाढलेले वजन, बीजकोशाचे विकार आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या यांमुळेही पाळी बिघडते.

चाळीस ते पन्नास : पाळी जाण्याआधीची ही वर्षे. पाळी मागेपुढे होणे, कमी होणे, दोन-तीन महिने न येणे हे या काळात चालते. मात्र "पाळी जायची वेळ झाली, असं व्हायचंच" या एका वाक्याने आमच्याकडे पुष्कळ बायकांचे नुकसान झालेले आहे. पाळी जाताना ती हळूहळू विरळ होत जाते. ती वाढत जाणे, पंधरा-पंधरा दिवस चालणे, महिन्यातून दोनदा येणे हे पाळी जाण्याचे लक्षण नाही. त्याची तपासणी झालीच पाहिजे.

पाळी गेल्यानंतर : शिक्षिकाबाईंना निघाले तसे त्वचा कोरडी पडणे हे या वयातले सर्वांत नेहमीचे कारण. पॉलिप असतो, अस्तर जाड झालेले असते. पण पाळी गेल्यावर रक्त दिसलेल्या साधारण दहा बायकांमागे एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो. वजन जास्त असणाऱ्या, मधुमेह असणाऱ्या, मूल न झालेल्या आणि स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेनची गोळी घेणाऱ्या स्त्रियांनी जास्त सावध राहावे. इथे एक दिलासा आहे. हा कर्करोग रक्ताच्या रूपाने लवकर सूचना देतो. त्या पहिल्या सूचनेवर जी स्त्री येते, तिचा आजार बहुधा गर्भाशयापुरताच असतो आणि शस्त्रक्रियेने बरा होण्याची आशा खूप चांगली असते.

वयस्कर स्त्रियांना कधी कधी रक्त नेमके कोठून येते हे कळत नाही. मूळव्याधीचे रक्त किंवा लघवीतले रक्तही पाळीचे वाटते. पांढऱ्या स्वच्छ कापडाची घडी ठेवून पाहावे आणि लघवीच्या वेळी, शौचाच्या वेळी की एरवी डाग लागतो ते डॉक्टरांना सांगावे. या तिन्ही जागांतून येणारे रक्त तपासण्यासारखेच असते.

गरोदरपणात रक्त दिसले तर

पहिल्या तीन महिन्यांत साधारण चौघींमध्ये एकीला थोडेफार रक्त दिसते. त्यातल्या निम्म्या जणींचे पुढे सुखरूप बाळंतपण होते. म्हणून घाबरून जाऊ नये, पण घरीही बसू नये. गर्भपाताची सुरुवात आहे की गर्भ ठीक आहे, हे सोनोग्राफीने कळते.

सर्वांत धोक्याचा प्रकार म्हणजे गर्भ गर्भनलिकेत राहणे. पाळी चुकलेली, थोडा काळपट डाग, ओटीपोटात एका बाजूला कळ, खांद्याच्या टोकाला दुखणे, घाम आणि भोवळ, अशी लक्षणे दिसली तर नळी फुटून पोटात रक्त साठत असल्याची शक्यता असते. बाहेर रक्त थोडेच दिसते, आत मात्र लिटरभर साठलेले असते. हे काही तासांचे काम आहे. मिळेल त्या गाडीने शस्त्रक्रियेची आणि रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

सातव्या महिन्यानंतर न दुखता लालभडक रक्त गेले तर वार खाली, गर्भाशयाच्या तोंडावर, असू शकते. पोट दगडासारखे कडक होऊन दुखत असेल आणि रक्त जात असेल तर वार आधीच सुटू लागली असावी. दोन्हींत आई आणि बाळ या दोघांच्या जिवाला धोका असतो. अशा वेळी घरी किंवा सुईणीकडून हात घालून तपासू देऊ नये. त्याने रक्तस्राव एकदम वाढू शकतो. १०८ क्रमांकाला फोन करावा आणि बाईला डाव्या कुशीवर निजवून न्यावे. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते आवर्जून सांगावे, कारण रक्तस्रावानंतर ७२ तासांच्या आत एक इंजेक्शन द्यावे लागते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. गर्भपाताच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून घेतल्यामुळे पंधरा-पंधरा दिवस रक्त जात असलेल्या स्त्रिया आमच्याकडे येतात. काही भाग आत राहिलेला असतो, कधी गर्भ नळीतच असतो आणि गोळीने तो जातच नाही. गर्भपात कायद्याने मान्य आहे, तो नोंदणीकृत डॉक्टरांकडूनच करून घ्यावा. आणि गोळ्या घेतल्याच असतील तर डॉक्टरांपासून लपवू नये. ते सांगितल्याने उपचार लवकर होतो.

गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग

संबंधानंतर रक्त दिसणे आणि घाण वासाचे, पाण्यासारखे किंवा रक्तमिश्रित पांढरे जाणे ही दोन लक्षणे या कर्करोगाची असू शकतात. प्रत्येक वेळी ती कर्करोगाचीच असतात असे नाही. तोंडाला सूज असली तरी असे होते. पण शंका फिटेपर्यंत सोडू नये.

हा आजार ह्यूमन पॅपिलोमा नावाच्या विषाणूच्या काही जातींमुळे होतो. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून आपोआप निघूनही जातो. काहींमध्ये तो टिकतो आणि दहा-पंधरा वर्षांत हळूहळू कर्करोग तयार होतो. कोणाच्या चारित्र्याचा इथे प्रश्न नाही. एकाच पतीशी संसार केलेल्या बाईलाही तो होतो.

दहा-पंधरा वर्षांचा हा अवधी हीच आपली संधी आहे. कर्करोग होण्याआधीची अवस्था तपासणीत सापडते आणि तिथेच बरी करता येते. याबाबत महाराष्ट्रातच मोठे काम झालेले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या सुमारे एक लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या स्त्रियांची या विषाणूची तपासणी एकदाच झाली, त्यांच्यात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. मुंबईत टाटा रुग्णालयाने झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये दुसरी एक स्वस्त पद्धत वापरून पाहिली. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ केलेले अॅसेटिक अॅसिड, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते तेच आम्ल, लावायचे आणि मिनिटभर थांबायचे. पांढरा डाग उमटला तर पुढची तपासणी. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी ही तपासणी केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

म्हणून तीस वर्षांवरच्या प्रत्येक विवाहित स्त्रीने काही त्रास नसतानाही ही तपासणी करून घ्यावी. ती दुखत नाही, पाच मिनिटांत होते. सरकारी रुग्णालयात चौकशी करावी. घरात नऊ ते चौदा वर्षांच्या मुली असतील तर या विषाणूवरच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे. पुण्यात तयार झालेली भारतीय लसही २०२३ पासून उपलब्ध आहे.

डॉक्टर काय तपासतात?

बायका तपासणीच्या भीतीनेच येत नाहीत, म्हणून हे सांगतो आहोत. आधी प्रश्न विचारले जातात. शेवटच्या पाळीची तारीख, किती दिवस गेले, किती कापडे लागली, कोणती औषधे चालू आहेत. हे एका कागदावर लिहून नेले तर अर्धे काम होते. मग पोट तपासतात. त्यानंतर एका छोट्या उपकरणाने गर्भाशयाचे तोंड पाहतात. आजीबाईंचा आजार सोनोग्राफीने नव्हे, तर या साध्या तपासणीने डोळ्यांना दिसला. म्हणून "नुसती सोनोग्राफी करा, आतून तपासू नका" असा आग्रह धरू नये. तपासताना खोलीत नर्स किंवा आपल्या घरची बाई असावी, असे आपण हक्काने सांगू शकता.

रक्तात हिमोग्लोबीन आणि जरूर तर थायरॉइड पाहतात. सोनोग्राफीत गाठी आणि अस्तराची जाडी दिसते. पाळी गेलेल्या स्त्रीचे अस्तर ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर कर्करोगाची शक्यता फारच थोडी. त्याहून जाड असेल किंवा रक्त पुन्हा पुन्हा जात असेल तर अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात. तुकडा काढल्याने रोग पसरतो हा समज खोटा आहे.

पिशवी काढणे हा पहिला उपाय नव्हे

आपल्याकडे दुसरे टोकही आहे. अंगावर जाते म्हटले की काही ठिकाणी थेट "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल" असे सांगितले जाते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांचे उदाहरण २०१९ मध्ये सगळ्या देशाने पाहिले. त्या वेळी झालेल्या पाहणीत ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांवर स्त्रियांची पिशवी काढलेली आढळली. त्यातल्या कित्येक तरण्या होत्या. फडावर खाडा परवडत नाही, पाळीच्या दिवसांत निवारा नाही, पाणी नाही, आणि त्यात भीती घातलेली.

काही आजारांत शस्त्रक्रिया आवश्यकच असते. कर्करोग असेल, मोठ्या गाठी असतील, औषधांनी रक्त थांबत नसेल, तर ती वेळेवर करावी. पण बहुतेकींना त्याआधी पुष्कळ उपाय असतात. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत. हार्मोनच्या गोळ्या आहेत. गर्भाशयात बसवायची हार्मोनची तांबी आहे, तिने बऱ्याच जणींची शस्त्रक्रिया टळते. पॉलिप दुर्बिणीने काढता येतो आणि पिशवी शाबूत राहते. नुसते पांढरे जाणे किंवा पिशवीला सूज एवढ्यासाठी पिशवी काढायची नसते. तिच्याबरोबर बीजकोशही काढले तर तरुण वयातच पाळी गेल्यासारखे होते. हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. शस्त्रक्रिया सुचवली तर तीन प्रश्न विचारावेत. आजाराचे नाव काय? तुकड्याचा अहवाल काय आला? औषधाने बरे होणार नाही का? समाधान झाले नाही तर जिल्हा रुग्णालयात दुसरे मत घ्यावे.

केव्हा जावे?

ताबडतोब, रात्र असली तरी :
- एका तासात पॅड किंवा कापडाची घडी पूर्ण भिजते आणि असे सलग दोन तास झाले आहे
- भोवळ येते, छाती धडधडते, हातपाय गार पडून घाम येतो
- गरोदर आहात, किंवा तशी शक्यता आहे, आणि रक्ताबरोबर पोटात दुखते आहे
- सातव्या महिन्यानंतर कितीही रक्त गेले
- बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतर रक्त वाढले, ताप आला, घाण वास येऊ लागला

त्याच आठवड्यात :
- पाळी गेल्यानंतर एकदाच आणि थोडाच डाग लागला तरी
- संबंधानंतर रक्त दिसले
- पाळी आठ दिवसांपेक्षा जास्त चालली आहे
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत आणि पाळी वाढली आहे

महिन्या-दोन महिन्यांत :
- सलग दोन-तीन पाळ्यांत मध्येच डाग लागला
- पाळीत गाठी पडतात, दम लागतो, जिना चढवत नाही

घरी काय करावे?

तारखा लिहून ठेवाव्यात. दवाखान्यातल्या दिनदर्शिकेवर करतो तशी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खूण केली तरी पुरे. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नये. अॅस्पिरीन पाळीतल्या दुखण्यासाठी घेऊ नये, त्याने रक्त वाढते. पाळी थांबवण्याच्या गोळ्या शेजारणीच्या चिठ्ठीवर आणू नयेत. सणवार, लग्नकार्य, यात्रा यांसाठी त्या सर्रास घेतल्या जातात आणि बंद केल्या की रक्त जोरात जाते.

शरीरातले रक्त भरून काढणे हाही उपचारच आहे. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबीन १२ च्या वर आणि गरोदर स्त्रीचे ११ च्या वर हवे. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांचे ते कमी आहे. बाजरी, नाचणी, हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये, अळीव, चालत असेल त्यांनी मांस-मासे खावे आणि जेवताना लिंबू पिळावे. जेवणाबरोबर चहा घेऊ नये. हिमोग्लोबीन फार उतरले असेल तर मात्र केवळ आहाराने भागत नाही. लोहाच्या गोळ्या तीन महिने तरी घ्याव्या लागतात. शौचाला काळे होते म्हणून त्या सोडू नयेत.

नेहमी विचारल्या जाणाऱ्या शंका

मुलगी अविवाहित आहे. तपासणी कशी करणार?
अविवाहित मुलीला आतून तपासण्याची सहसा गरज नसते. पोटावरून सोनोग्राफी आणि रक्ततपासणी यांवर बहुतेक निदान होते. लग्न जमायचे आहे म्हणून उपचार लांबवू नयेत.

पिशवी काढून दहा वर्षे झाली. आता डाग लागतो. हे कसे?
पिशवी गेली तरी योनिमार्ग असतोच. कोरडेपणाने, टाक्यांच्या जागेवरच्या मांसवाढीने आणि क्वचित कर्करोगानेही रक्त येते. तपासून घ्यावे.

कर्करोग निघाला तर खर्च कसा करायचा?
या भीतीने तपासणी टाळणारी कुटुंबे आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधोपचार यांचा समावेश आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे. लवकरच्या अवस्थेत उपचार थोडक्यात होतो आणि खर्चही कमी येतो.

शेवटी घरातल्या मंडळींसाठी दोन शब्द. आजीबाई आठ महिने गप्प राहिल्या, कारण त्यांना विचारणारे कोणी नव्हते. सूनबाई चांगल्या होत्या, मुलगा चांगला होता. पण या वयाच्या बाईला हे विचारायचे असते हेच कोणाला माहीत नव्हते. आपल्या घरी आई, सासू, आत्या, मावशी असतील. हा लेख त्यांना वाचून दाखवा. ज्यांना वाचून दाखवणे अवघड वाटते त्यांनी पेपर या पानावर उघडा ठेवून बाहेर जावे. आणि त्या काही सांगू लागल्या, तर "या वयात काय हे" असे म्हणू नका. उद्याच्या पहिल्या गाडीने त्यांना दवाखान्यात घेऊन जा.